फुलावर आलंय का, एवढं विचारा: कृषी सेवा केंद्र चालकांना खुले पत्र

राज्यातल्या कृषी सेवा केंद्र चालक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कृषिमंत्र्यांना लिही, असं मला घरातूनही सांगितलं आणि गावातूनही. तरी मी ते तुम्हाला लिहिते आहे. आमच्या शिवारात कोणत्या पिकावर काय फवारलं जाणार आणि कधी, याचा निकाल मंत्रालयात लागत नाही, तुमच्या काउंटरवर लागतो. शेतकरी खिशात वाळकं पान घेऊन येतो, काडेपेटीत धरलेली अळी घेऊन येतो, आताशा मोबाइलमधला फोटो दाखवतो, आणि विचारतो, “काय मारू?” मग तुम्ही चिठोऱ्यावर लिहून देता: पंपाला इतके मिली हे, सोबत इतके ग्रॅम ते, वरून स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रावण. दुसऱ्या दिवशी तेच रानात पडतं. कृषी सहायकाकडे कितीतरी गावं असतात, विद्यापीठाची शिफारस पुस्तिकेत असते. तुमचं दुकान मात्र रोज सकाळी उघडतं आणि तुम्ही गिऱ्हाइकाला नावानं ओळखता. म्हणून माझं मागणं तुमच्याकडे आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यातली. चिखली-देऊळगाव राजाकडचा आमचा पट्टा बियाण्यांचा. घरची ४ एकर शेती आहे आणि तिच्या जोडीला मी आणि माझे यजमान ११ वर्षं मधमाश्या पाळतो. मेलिफेरा, म्हणजे पाळीव युरोपीय मधमाशीच्या ६० पेट्या आहेत. सूर्यफूल, ओवा, शेवगा असं करत पेट्या फिरतात आणि जानेवारी संपता संपता कांदा बियाण्याच्या प्लॉटवर येऊन बसतात. त्या प्लॉटवाल्यांकडून पेटीमागे भाडं मिळतं. मधापेक्षा या भाड्यावरच आमचं घर जास्त चालतं.

कांद्यात बी भरायला मधमाशी का लागते, हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र दुसरेही वाचतील म्हणून सांगते. कांद्याच्या एका गोंड्यात शेकड्यांनी फुलं असतात आणि ती एकदम उमलत नाहीत, रोज थोडी थोडी उमलतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकतात. त्याच फुलाचा स्त्रीकेसर तयार होईतो त्यांचा पराग सांडून गेलेला असतो. म्हणजे दुसऱ्या फुलावरून, दुसऱ्या गोंड्यावरून पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो. माशी एका फेरीत एकाच जातीच्या फुलांवर फिरते, अंगभर पराग माखून घेते, म्हणून हे काम तिच्याइतकं चोख कुणाला जमत नाही. आमच्याकडे काही प्लॉटवर आता बाया लावून गोंड्यांवरून हात फिरवून घेतात. मीही ते काम केलंय. सकाळी ८ पासून दुपारपर्यंत वाकून एकेक गोंडा ओंजळीत घ्यायचा, हलकेच चोळायचा, पुढच्याला लावायचा. दिवसाच्या शेवटी हाताला कांद्याचा वास, कमरेत कळ, आणि बी भरतं ते माशीनं भरलेल्याच्या निम्मंही नाही.

आता गेल्या वर्षीच्या १८ फेब्रुवारीचं सांगते.

आमच्या २२ पेट्या एका प्लॉटच्या बांधावर होत्या. फुलोरा ऐन भरात होता. शेजारच्या रानातही कांद्याचाच प्लॉट, एका काकांचा. मी दुपारी १ च्या सुमारास माश्यांच्या पाण्याच्या थाळ्या भरायला गेले. लांबूनच काहीतरी वेगळं वाटलं. फुलोऱ्याच्या दिवसांत पेट्यांजवळ एक सलग घुमणारा आवाज असतो, तो नव्हता. जवळ गेले तर पेट्यांपुढची जमीन काळी-तांबूस दिसत होती आणि हलत होती. माश्या पाठीवर पडून गरगर फिरत होत्या. काहींच्या सोंडा बाहेर लोंबत होत्या, पाय थरथरत होते. काही दाराच्या फळीपर्यंत पोचत होत्या, तर पहारेकरी माश्या त्यांना आत घेत नव्हत्या, ढकलून खाली पाडत होत्या. आणि रानातून अजून येतच होत्या, एकेक, वाकड्यातिकड्या उडत, पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या तशाच चिकटलेल्या. मरतानाही त्यांनी ओझं टाकलेलं नव्हतं. ते दृश्य मला विसरता येत नाही.

संध्याकाळी आम्ही खराट्यानं मेलेल्या माश्या गोळा केल्या. घमेल्यात भरल्या, घरच्या काट्यावर तोलल्या. साडेअकरा किलो भरल्या. एका किलोत साधारण ८ ते १० हजार माश्या बसतात. म्हणजे लाखाच्या आसपास, आणि या फक्त पेटीपर्यंत पोचलेल्या. रानात, बांधावर, पाटात पडल्या त्यांची मोजदाद नाही.

तुम्ही म्हणाल, राणी जिवंत होती ना, पुन्हा माश्या होतील. होतात. पण हिशेब बघा. कामकरी माशी अंड्यापासून बाहेर पडायला २१ दिवस लागतात. बाहेर पडल्यावर पहिले साधारण तीन आठवडे ती घरातली कामं करते: पिल्लांना भरवणं, मेण काढणं, कोठ्या साफ करणं. त्यानंतर ती रानात जाते. म्हणजे २१ आणि २१, ४२ दिवस. त्या दिवशी जो रानात जाणारा गडी मेला तो भरून यायला ४२ दिवस लागणार, आणि कांद्याचा फुलोरा त्याच्या आतच आटोपतो. त्यातच भरवणाऱ्या माश्यांना वय झालं नसताना रानात जावं लागतं, मग पिल्लांना ऊब कमी पडते, पिल्लं गारठून मरतात. फ्रेम काढून बघितली की झाकणबंद कोठ्या मधूनमधून खचलेल्या दिसतात. २२ पैकी ९ पेट्या आम्हाला पावसाळ्यापर्यंत टिकवता आल्या नाहीत.

काकांवर मी त्या दिवशी फार बोलले. नंतर मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्यांच्या मनात खोट नव्हती आणि त्यांचं नुकसान आमच्याहून कमी नव्हतं. आधीच्या वर्षी एकरी साडेतीन क्विंटल बी काढलेल्या त्याच रानात त्यांना दीड क्विंटलही मिळालं नाही. गोंडे दिसायला टवटवीत, हातात घेऊन चोळले तर पोकळ. फवारणीनं फुलकिडे, म्हणजे कांद्याचा रस शोषणारे बारीक किडे मेले आणि माश्याही मेल्या. काकांनी मला चिठ्ठी दाखवली. थायामेथोक्झाम आणि लॅम्डा-सायहॅलोथ्रिन एकत्र असलेलं मिश्रण, करप्यासाठी प्रोपिकोनाझोल, एक टॉनिक, एक स्टिकर. सगळं एका टाकीत. सकाळी १० ला फवारणी सुरू, कारण पंपवाला गडी तेव्हाच मोकळा होता.

मी चिठ्ठी घेऊन दुकानावर गेले. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, कारण त्या दादांनी जे उत्तर दिलं ते प्रामाणिक होतं. ते म्हणाले, “ताई, त्यांनी मला फुलकिडे दाखवले, मी फुलकिड्यांचं दिलं. फुलावर आलंय हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.”

हे सगळं पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

आपल्या भाषेत या सगळ्याला आपण ‘औषध’ म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं, औषधाचं दुकान. त्यामुळे पीक आजारी आहे आणि आपण त्याला बरं करतोय अशी मनाची समजूत होते, आणि औषध कधी द्यावं, कशासोबत देऊ नये, हे विचारायचं राहून जातं. त्यात बाटलीवरचा त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा. शेतकऱ्याला एवढं पाठ असतं की लाल वाईट आणि हिरवा बरा. पण हा त्रिकोण कशावरून ठरतो? प्रयोगशाळेतल्या प्राण्याच्या दर किलो वजनामागे किती मिलीग्रॅम विष मारक ठरतं त्यावरून. तो माणसाच्या धोक्याचा अंदाज आहे. माशीबद्दल तो काहीच सांगत नाही. थायामेथोक्झामचंच घ्या. उंदराच्या हिशेबानं ते निळ्या गटात बसतं. माशीच्या पोटात मात्र सुमारे ५ नॅनोग्रॅम गेलं तरी निम्म्या माश्या मरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. २५ टक्क्यांच्या दाणेदार पुडीतल्या एका ग्रॅमात इतके डोस ५ कोटी होतात. हे गणित मी वहीवर तीनदा करून पाहिलं, कारण मलाच विश्वास बसत नव्हता.

माशीबद्दलची सूचना असते ती पुड्यातल्या घडी घातलेल्या माहितीपत्रकात, बारीक अक्षरांत. “मधमाश्यांना विषारी, माश्या फुलांवर असताना फवारू नये,” अशा अर्थाची ओळ त्यात कित्येक रसायनांच्या बाबतीत असते. ते पत्रक बांधावर पुडा फोडताना वाऱ्यावर जातं. वाचणारे शेवटचे तुम्हीच असता.

मिश्रणाबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण चिठ्ठीवर चार नावं लिहायची रीत पडून गेली आहे. मजुरी वाचते, एकाच फेरीत काम होतं, हे मला कळतं. पण माशीच्या शरीरातही विष मोडून काढणारी यंत्रणा असते, आपल्या यकृतासारखं काम करणारी विकरं. प्रोपिकोनाझोलसारखी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं नेमकी तीच विकरं अडवतात. बुरशीनाशक एकटं असताना माशीला फारसं काही होत नाही. पण लॅम्डा-सायहॅलोथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडसोबत ते गेलं की त्या कीटकनाशकाचा जहालपणा कितीतरी पटींनी वाढतो, हे प्रयोगांतून १९९० च्या दशकापासून माहीत आहे. एकेका पुड्यावरची शिफारस बरोबर असते. टाकीत तयार होतं त्याची शिफारस कुणीच केलेली नसते.

आणि हे सगळं झालं डोळ्यांसमोर मरणाऱ्या माशीचं. मला जास्त घोर लागतो तो न दिसणाऱ्या मरणाचा. थायामेथोक्झाम ज्या गटातलं, त्या नियोनिकोटिनॉइड गटातली ही रसायनं आंतरप्रवाही. बियाण्याला लावली, मुळाशी सोडली किंवा पानावर मारली, तरी रसाबरोबर झाडभर फिरतात आणि मकरंदात, परागात उतरतात. मात्रा थोडी असते, माशी जागेवर मरत नाही. २०१२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर इवल्या चिप चिकटवल्या, त्यांना थायामेथोक्झामची न मारणारी मात्रा पाजली आणि दूर नेऊन सोडलं. त्यातल्या पुष्कळ घरी परतल्याच नाहीत. वाट चुकल्या. २०१५ च्या एका प्रयोगात साधं साखरपाणी आणि इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम मिसळलेलं साखरपाणी समोर ठेवलं, तर माश्यांनी विषाचंच जास्त प्यायलं. त्यांच्या जिभेला ते कळतच नाही. म्हणजे “माशी शहाणी असते, फवारलेल्या फुलावर बसत नाही,” हे जे आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं, त्यावर विसंबू नका.

माझ्या पेट्यांमध्ये मी हे पाहिलंय. पेटीपुढे एकही मेलेली माशी नाही. मध आहे, राणी आहे, पिल्लं आहेत, आणि माश्या मात्र दिवसेंदिवस विरळ होत चालल्यात. पूर्वी आम्ही म्हणायचो, पेटी ‘बसली’. कारण शोधत बसायचो. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी कारण फवारणीच असते असं मी म्हणणार नाही. व्हरोआ कोळी माश्यांना पोखरतो, मेणकिडा येतो, एप्रिल-मेत फुलंच नसतात, ऊन तर दरवर्षी वाढतंय. पण उपाशी आणि रोगट वसाहतीला विषाची थोडी मात्राही पुरते.

युरोपात काय झालं तेही ऐका. २००८ च्या वसंतात जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात मका पेरला गेला. बियाण्याला क्लोथियानिडिन लावलेलं होतं आणि ते नीट चिकटलेलं नव्हतं. पेरणी यंत्रातून त्याची धूळ उडाली, आजूबाजूच्या फुलांवर बसली आणि ११ हजारांहून जास्त वसाहतींना फटका बसला. फ्रान्सनं सूर्यफुलाच्या बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड लावणं १९९९ मध्येच थांबवलं होतं. युरोपीय संघानं इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांवर २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्यांचा सगळा वापर बंद केला. आपल्याकडे ती तुमच्या मांडणीवर आहेत, आणि कायद्यानं आहेत, त्यामुळे तुम्ही ती विकता यात गुन्हा काही नाही. केंद्र सरकारनं २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात मधमाश्यांना विषारी असणं हेही काही रसायनांच्या बाबतीत कारण म्हणून दिलेलं होतं. अखेर २०२३ मध्ये त्यातल्या मोजक्यांवरच पूर्ण बंदी आली. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे. तो बदलेल तेव्हा बदलेल, कांदा तर दर फेब्रुवारीला फुलतो.

सरकारचं एक मात्र मला कळत नाही. एकीकडे पेट्यांना अनुदान आहे. राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियान २०२० पासून आहे, त्यासाठी ५०० कोटी जाहीर झाले. आपल्या राज्यात महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, तिथलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण मांघरच्या भोवती जंगल आहे. आमच्या भोवती कपाशी, सोयाबीन, कांदा, टरबूज. माझी माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. त्या गोलात शेकडो शेतकऱ्यांची रानं येतात आणि त्यातल्या एकालाही माझी पेटी कुठे आहे हे विचारण्याची गरज पडत नाही. पेटी अनुदानावर मिळते, चरायचं रान कुणी देत नाही.

आता मागणं.

गिऱ्हाइकानं “काय मारू?” म्हटलं की चिठोरा ओढण्याआधी एकदा विचारा, “फुलावर आलंय का?” आणि लगेच दुसरं, “आजूबाजूला काय फुलावर आहे?” कारण तूर फुलावर नसली तरी बांधावरचा शेवगा फुललेला असतो, खालचं गाजरगवत फुललेलं असतं, माशी तिथेही असते.

उत्तर ‘हो’ आलं तर थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन, फिप्रोनिल ही नावं त्या चिठ्ठीवर नकोत. संध्याकाळी फवारा म्हणून सांगणं यांच्या बाबतीत पुरत नाही, ती फुलात उतरून राहतात. ज्यांना वेळेचा उपयोग होतो ती वेगळी. स्पिनोसॅड ओलं असताना माशीला मारतं, पण वाळल्यावर त्याचा धोका बराच उतरतो. ते सूर्य मावळल्यावर मारलं तर सकाळपर्यंत फूल पुष्कळसं निर्धोक होतं. नियोनिकोटिनॉइडमध्येही सगळी सारखी नाहीत. ॲसिटामिप्रिड माशीचं शरीर बऱ्यापैकी मोडून काढू शकतं, पण त्याच्यासोबत ट्रायझोल दिलंत तर तोही आधार गेला. म्हणून फुलोऱ्यात बुरशीनाशक आणि कीटकनाशक एका टाकीत नको, एवढं तरी ठामपणे सांगा. कंपनीचा माणूस काही म्हणो.

कांदा बियाण्यावाल्याला डिसेंबरमध्येच सांगा, की फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा फुटायच्या आत करायचाय. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेची कडेनं मक्याच्या ओळी लावायची शिफारस आहे, फुलकिडे वाऱ्याबरोबर येतात ते मक्यात अडतात. निळे चिकट सापळे लावता येतात. तुषार सिंचनानं फुलकिडे धुऊन निघतात. सापळे तर तुम्ही विकताच, ते पुढच्या फळीवर मांडा.

यात अडचणी आहेत आणि त्या मी उडवून लावणार नाही. संध्याकाळी फवारायला माणूस मिळत नाही. गडी सकाळी ८ ला येतो आणि दुपारी जातो. अंधारात रानडुकरं, साप. विजेचं वेळापत्रक आपल्या हातात नाही. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, त्यांची आठवण काढल्याशिवाय मला फवारणीबद्दल काही लिहिता येत नाही. गड्याला ना हातमोजा, ना मास्क, आणि पाठीवर तीन-चार विषांची टाकी. मी मधमाशीसाठी जे मागतेय, कमी विष, मिश्रण नको, उन्हाच्या तडाख्यात फवारणी नको, ते त्या गड्याच्याही कामाचं आहे. आता शिवारात ड्रोनही येऊ लागलेत. ड्रोन एकरी पाणी फार थोडं वापरतो, म्हणजे थेंब जास्त कडक असतो. तो भर दुपारी फुललेल्या प्लॉटवरून फिरला तर काय होईल याची मला धास्ती आहे. ड्रोनची बुकिंगही पुष्कळदा तुमच्याच दुकानात होते.

तुमची बाजूही मला माहीत आहे. हंगामभर उधारी तुमच्या डोक्यावर, माल न खपला तर परत घेत नाहीत, कंपन्यांचं टार्गेट, आणि गिऱ्हाइकाला कडक काही दिलं नाही तर तो पुढच्या दुकानात जातो. “कालच्यानं फरक पडला नाही” हे ऐकायला तुम्हालाच लागतं. पण एकदा बी पोकळ निघालं की त्याचीही उधारी बुडते. काकांची गेल्या वर्षीची उधारी त्या दादांना अजून आलेली नाही.

चूक आमच्याकडूनही होते. आम्ही पेट्या रात्री टेम्पोतून आणतो, प्लॉटवाल्याशी बोलतो आणि शेजारच्या रानवाल्याला कळवतच नाही. बाहेरगावचे मधपाळ तर येऊन कधी गेले ते गावाला समजत नाही. त्या १८ तारखेला मी काकांना आधी सांगून ठेवलं असतं, तर त्यांनी आदल्या रात्री एक फोन केला असता. पेट्या बंद ठेवता येतात. रात्री माश्या घरात आल्या की दाराला जाळी लावायची, वरून ओलं गोणपाट टाकायचं, आत पाणी आणि हवा राहील असं बघायचं, एक दिवस निभतो. ते मला माहीत असून मी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे नुसत्या पेट्यांतल्याच माश्या नाहीत, हेही लक्षात असू द्या. आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली दरवर्षी आग्या मोहोळं लागायची. वडाला, पिंपळाला लागायची. काट्या माशीचं तळहाताएवढं पोळं कुंपणाच्या बोरीत असायचं. त्यांना मालक नाही. त्या मेल्या तर घमेल्यात भरून कुणी तोलत नाही. गेल्या दिवाळीत टाकीखाली दोनच मोहोळं होती.

तुमच्यापैकी अनेकांनी कृषी सेवा केंद्र चालकांसाठीची ‘देसी’ पदविका केली आहे, आठवड्यातला एक दिवस दुकान सांभाळून वर्गाला बसला आहात. त्यात शेतभेटीचे दिवस असतात. त्यातला एक दिवस आमच्या बांधावर काढा. मी पेटी उघडून दाखवते. राणी कशी चालते, पिल्लाला कसं भरवतात, परागाच्या कोठ्या किती रंगांच्या असतात. कांद्याचा पराग कोणता, शेवग्याचा कोणता, हे रंगावरून ओळखता येतं. चावतील म्हणून घाबरू नका, जाळी देईन आणि धुराडं हातात असतंच.

त्या दुकानाच्या दादांनी यंदा एक केलंय. काउंटरमागच्या भिंतीवर कंपनीच्या कॅलेंडरवर त्यांनी आमच्या पेट्यांच्या जागा आणि तारखा लिहून घेतल्यात: कोणाच्या बांधावर, कधीपासून कधीपर्यंत. त्या शिवारातलं गिऱ्हाईक आलं की ते कॅलेंडरकडे बघतात. जानेवारीपासून त्यांचे मला सात फोन आले. दोन वेळा फवारणी चार दिवस पुढे ढकलली, तीनदा मी पेट्या बंद ठेवल्या, दोनदा काही करायची गरज पडली नाही. यंदाच्या फुलोऱ्यात आमच्या पेट्यांपुढे खराटा लागला नाही.

तुमच्या भागातही कुणीतरी पेट्या ठेवत असेल. त्याला एकदा दुकानात बोलवा, चहा पाजा आणि त्याच्या जागा लिहून घ्या. आणि फोन करायला उशीर झाला असं समजू नका. रात्री ९ ला कळलं तरी आम्ही बॅटरी घेऊन रानात जातो. पहाटे माशी बाहेर पडायच्या आत दार बंद झालं की झालं.

आपली,
एक मधमाशीपालक शेतकरीण
जिल्हा बुलढाणा